चौथं टिचबटण

टिचबटण लावायला काही कौशल्य लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा लावून बघावं. साधं बटण थोडं इकडेतिकडे झालं तर काज सैल करून वेळ मारून नेता येते. टिचबटणाचे दोन भाग असतात. एकाला मधे बारीकसं डोकं, दुसऱ्याला त्या डोक्यापुरता खळगा. दोन्ही वेगवेगळ्या पट्ट्यांवर शिवायचे आणि तरी ते बरोबर समोरासमोर आले पाहिजेत. दोऱ्याच्या जाडीएवढा फरक पडला तरी झबल्याला गळ्याशी चुण्या पडतात आणि बाळ किरकिरतं. चौदाव्या वर्षी हे काम मी माझ्या मायपेक्षा चांगलं करायची. हे फुशारकीनं सांगते आहे, कारण पुढे फुशारकी मारावी असं काही नाही.

आमचं गाव भोकरदनपासून तीन कोसांवर. घरी थोडी कोरडवाहू जमीन, वडील, माय, अक्का आणि मी. आम्ही दोघी बहिणीच. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शेतातलं काम उरकलं की माय तान्ह्या बाळांचे कपडे शिवायला बसायची. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, सगळं हातशिलाईचं. गावात कुणाला दिवस गेले की त्या घरची म्हातारी वापरून मऊ पडलेलं धोतर नाहीतर लुगडं घेऊन आमच्या दारात यायची. बाळाच्या अंगाला पहिलं लागतं ते जुनंच कापड, ही आमच्याकडे सगळ्यांचीच रीत. पण मायच्या झबल्याला नाड्या नसायच्या. एका लेकराच्या गळ्याला नाडीचा फास बसता बसता राहिलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून ती बाजाराच्या दिवशी कटलरीच्या दुकानातून टिचबटणांचे पुठ्ठे आणायची. चपटं बटण, बाळ पालथं पडलं तरी रुतत नाही. आसपासच्या चार गावांत ती टिचबटणवाली म्हणून माहीत होती.

बटणं लावायचं काम माझं. आधी डोक्याचा भाग वरच्या पट्टीला शिवायचा. मग त्या डोक्याला कुंकवाचं बोट लावायचं आणि वरची पट्टी खालच्या पट्टीवर दाबायची. खाली लाल ठिपका उमटतो. त्या ठिपक्यावर खळग्याचा भाग शिवायचा, म्हणजे दोन्ही बरोबर जुळतात आणि ठिपकाही झाकला जातो. शिंपी यासाठी खडू वापरतात. मायचं म्हणणं, लेकराचं कापड आहे, कुंकूच बरं. आमच्या घरातून गेलेल्या प्रत्येक झबल्यावर बटणांखाली असे लाल ठिपके होते आणि ते कुणाला दिसत नव्हते.

प्रत्येक झबल्याला चार बटणं. माय त्यातली तीनच लावू द्यायची. चौथं बटण ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून झबल्यासोबत द्यायची. बाळ जन्मलं, सुखरूप असलं, की पाचवीच्या दिवशी घरातल्या बाईनं ते लावायचं आणि मगच झबलं बाळाच्या अंगात घालायचं. "लेकराच्या आधी त्याचं कापड पुरं व्हायला न्हाई पाहिजे," ती म्हणायची. "त्याला यायला जागा ठेवावी माणसानं." ही रीत तिनं कुठून आणली होती देव जाणे. गावात दुसरं कुणी असं करत नव्हतं, पण टिचबटणंही दुसरं कुणी लावत नव्हतं, त्यामुळे लोकांनी दोन्ही गोष्टी एकदमच स्वीकारल्या होत्या.

मला मात्र ते अर्धवट झबलं बघवायचं नाही. अर्धवट ठेवलेलं काहीच मला आजही बघवत नाही. अर्धी चिरलेली भाजी, अर्धं लोटलेलं दार, अर्धं बोलून थांबलेलं माणूस. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर कुणी नीट शिंकसुद्धा अडवून धरू शकत नाही.

अक्काचं लग्न होऊन ती कुंभार पिंपळगावकडे गेली आणि दुसऱ्या वर्षी पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली. त्या दिवसांत मी तिच्याभोवती नुसती घोटाळत असायची. तिच्या पोटाला कान लावायची. तिला चिंचा, बोरं, चुलीतली भाजकी माती, जे मागेल ते गुपचूप आणून द्यायची. मायनं तिच्यासाठी सहा झबली शिवली, सहाही तीन तीन बटणांची. एक झबलं मला माझ्या हातानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवायचं होतं. अक्काचा शाळेतला एक परकर होता, दुधी रंगावर बारीक हिरवी फुलं. धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झाला होता. तो मी पेटीतून काढला.

माय कापूस वेचायला गेली की दुपारी मी शिवायला बसायची. चार दिवस लागले. तीन बटणं झाली आणि मी थांबले. झबलं मांडीवर ठेवून बघत राहिले. खालचा कोपरा उघडा, लोंबता. सगळ्या गावाची झबली मी अशीच देऊन टाकली होती, एकही माझ्या हातानं पुरं झालं नव्हतं. हे तर माझ्या अक्काचं. शिवाय मी नववीत होते, आणि शाळेत सरांनी अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतला होता. माझ्या निबंधाचं त्यांनी वर्गात कौतुक केलं होतं. त्या कौतुकाची हवा डोक्यात होती हेही खरं. मी चौथ्याला कुंकू लावलं, दाबलं, ठिपक्यावर शिवलं. चारही लावून बघितली. इतकं सुंदर झबलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घडी करून ते मी बाळंतपणाच्या पिशवीत, दुपट्यांच्या तळाशी ठेवून दिलं. बाळ झालं की अक्काच्या हाताला आपोआप लागेल आणि ती विचारेल, हे कोणी केलं. माझंच नाव निघेल हे मला ठाऊक होतं.

आठवा पुरा व्हायच्या आत एका सकाळी अक्काला कळा सुरू झाल्या. सुईणीनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, इथं थांबू नका. वडिलांनी जीप आणली. भोकरदनहून त्यांना पुढे जालन्याला पाठवलं. मायनं जाताना ती पिशवी उचलली, आणि मी दारात उभी राहून मनातल्या मनात खूश झाले, की माझं झबलं चाललं.

मुलगी झाली. दीड दिवस जगली.

हे मला नंतर कळलं. निरोप कुणी आणला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी फाट्यावर उभी होते, रोजच्यासारखी. एसटीतून आधी वडील उतरले, मग अक्का, मग माय. मी अक्काच्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते. मी मायच्या हातांकडे पाहिलं, तिच्याकडे पिशवी होती. मी तिसऱ्यांदा वडिलांच्याही हातांकडे पाहिलं, एवढी मी वेडी. फाट्यापासून घरापर्यंत आम्ही एकामागे एक चालत आलो.

अक्काला दूध येत होतं. ते कुणाला सांगायचं? माय तिच्या छातीला जुनं धोतर आवळून बांधायची आणि अक्का भिंतीकडे तोंड करून पडून असायची. धोतर ओलं व्हायचं. ते धुवायला माझ्याकडे यायचं. त्या वासाची मला आजही भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी पिशवी उपसली. मायची सहा झबली होती, सहाही पुड्यांसकट. दुपटी होती. माझं झबलं नव्हतं. तळाशी नव्हतं, मधे नव्हतं, घडीत अडकलेलं नव्हतं. म्हणजे मायला ते सापडलं होतं. तिनं चार बटणं पाहिली होती. तिनं ते फेकून दिलं असेल, किंवा मुलीला पुरलं तेव्हा सोबत घातलं असेल. कुठलं खरं मानावं हे मी ठरवू शकले नाही, आणि विचारायची हिंमत नव्हती. सरांचा निबंध वगैरे सगळं एका दुपारीत कुठल्या कुठे गेलं. बाळाला यायला मी जागा ठेवली नव्हती. एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

गावात बायका बोलतातच. एक शेजारीण ओसरीवर बसून मायला विचारत होती, काही पुरं तर करून ठेवलं नव्हतं ना गं? मी गोठ्यात शेण भरत होते. मायचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "बिलकुल न्हाई," माय म्हणाली. "माह्या घरी एक बटण कायम राह्यलेलं असतं. समद्या गावाला ठाऊक हाये." आत अक्का पडलेली होती, तिलाही ते ऐकू गेलं असणार. माय खोटं कधी बोलायची नाही. मी हातातलं शेण तसंच धरून उभी राहिले.

त्यानंतर मी टिचबटणाला हात लावला नाही. मायनंही "काहून गं?" असं विचारलं नाही. स्वतःच सुईत दोरा ओवायची, डोळे बारीक करकरून. तिनं एकदा तरी मला रागवावं, दोन चापट्या माराव्यात, असं मला फार वाटायचं. तिनं ताटात भाकरी वाढली तरी मला रडू यायचं.

अक्का सव्वा महिन्यानं सासरी गेली. दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले, पण ती बाळंतपणाला माहेरी आली नाही. तिकडेच राहिली. मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. बारशाला आम्ही गेलो तर बाळाच्या अंगात दुकानातलं झबलं, त्याला बदकाच्या आकाराची प्लास्टिकची बटणं. मायनं नेलेली झबली अक्कानं हळदकुंकू लावून घेतली आणि ठेवून दिली. मला वाटलं, सासरच्यांना रेडिमेडची हौस असेल. माझ्याशी अक्का नीटच बोलायची. बस, चहा घे, अभ्यास कसा चाललाय. पाहुणीशी बोलतात तसं. तिचं दुःख मोठं आहे, ती बदलली, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे माझं लग्न झालं, मी वडीगोद्रीला आले, हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे. माझ्या पहिल्या बाळाच्या पाचवीला चौथं बटण लावताना मला सुई टोचवेना, शेवटी मायनंच लावलं. अक्का त्या बारशाला आली नाही. तिच्याकडे तेव्हा वेचणी चालू होती.

अशी वीस वर्षं गेली. वडील गेले. माय गावात एकटी राहायची, आणि हळूहळू ती विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं, मग वडील गेले आहेत हेही. तिला मी माझ्याकडे आणायचं ठरलं. सामान आवरायला अक्का आली, मी आले. माय दाराजवळ बाजेवर उन्हात बसली होती आणि आम्ही दोघी तिची पत्र्याची पेटी रिकामी करत होतो. लुगडी, वडिलांचा एक फेटा, टिचबटणांचा गंजलेला अर्धा पुठ्ठा. तळाशी धोतराच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मी सोडलं.

दुधी रंग, हिरवी फुलं.

बटणं तीन होती. चौथ्याच्या जागी काही नव्हतं, आणि घडीत वर्तमानपत्राची पिवळी पडलेली पुडी होती.

"मला ठाऊक हाये ते," अक्का म्हणाली. ती पेटीतली लुगडी घड्या घालत होती, थांबली नाही. "दवाखान्यातून आल्यावर मायनं दाखविलं व्हतं. म्हणली, बघ, धाकटीनं तुह्यासाठी शिवलं. पण रीत मोडली न्हाई तिनं, एक बटण राहू दिलं. मनात काही आणू नको."

मी पुन्हा बटणं मोजली.

"मंग मी पट्टी पलटून पाह्यली." तिनं झबलं माझ्या हातातून घेतलं आणि खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. चौथ्या बटणाच्या जागी फिकट झालेला लाल ठिपका होता. झबलं कधी धुतलंच गेलं नव्हतं. "बटण लावल्याबिगर कुंकू लागत न्हाई. मी बी याच घरची हाये, मला काय कळत नव्हतं? मायनं दवाखान्यातच दातानं दोरा तोडला असंन. तिला वाटलं, मी मानलं. मी तसंच वाटू दिलं तिला."

"मंग मला काहून बोलली न्हाई?" माझा आवाज चढला. "वीस वर्षं, अक्का!"

"राग आल्ता," ती म्हणाली. "लई राग आल्ता तुहा. बटणानं काही होत न्हाई, हे मला बी कळत व्हतं. डॉक्टरनं सांगितलं व्हतं, लेकराचं काळीजच कच्चं. पण डॉक्टरवर किती दिवस रागवावं गं? तू घरची व्हती. माह्या पोराला तुह्या हाताचा दोरा लागू द्यायचा न्हाई, असं ठरविलं व्हतं मी. तुह्या बारशाला बी मुद्दाम आले न्हाई. वेचणी गिचणी काही नव्हती." तिनं लुगड्याची घडी हातानं दाबून सपाट केली. "मंग राग कधी गेला तेबी कळलं न्हाई. तुला सांगायचं राहून गेलं."

मला तिचा राग आला. माझा त्याहून जास्त आला, आणि मायचा सगळ्यात जास्त. एका बाईनं मला वाचवायला धोतराच्या तुकड्यात झबलं लपवलं, दुसरीनं तिला वाचवायला तोंड बंद ठेवलं, आणि मी दोघींच्या मधे वीस वर्षं एकटी कुढत बसले. एकीनं जरी तोंड उघडलं असतं, तरी मी दोन्ही पोरांच्या वेळी बाळंतपणात अशी भिऊन मेले नसते. हे सगळं मला ओरडून म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही, कारण मी हुंदके देत होते, आणि अक्काही.

"काय झालं गं?" माय बाजेवरून म्हणाली. तिनं हात पुढे केला. अक्कानं काही न सुचून झबलं तिच्या हातात दिलं.

मायला आता नीट दिसत नाही. तिनं झबलं मांडीवर पसरलं आणि बोटांनी पट्टी चाचपत खाली आली. पहिलं बटण, दुसरं, तिसरं. मग बोटं थांबली. पुढे गेली, मागे आली.

"एक राह्यलंय," ती म्हणाली. तिनं आमच्याकडे तोंड वर केलं. "लेकरू झालं का?"

मी अक्काकडे बघितलं नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती. उन्हात बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती.

अक्का उठली आणि बाजेपाशी खाली बसली. "झालं, माय," ती म्हणाली.

"काय झालं?"

"पोरगी."

"बरी हाये ना? बाळंतीण बी बरी हाये?"

"हाये. बरी हाये."

"पाचवी झाली?"

"आज हाये, माय."

"मंग बसून काय राह्यल्या?" माय चिडली. "जल्दी लावा की ते चौथं. उघड्या अंगानं ठेविता का पोरीला?"

अक्कानं पुडी सोडली. बटणाचे दोन्ही भाग आत एकमेकांत बसलेले होते. तिनं मायच्या शिवणाच्या डब्यातली सुई काढली आणि माझ्याकडे धरली. मला डोळ्यांतल्या पाण्यानं नेढं दिसेना. मग तिनंच दोरा ओवला, गाठ मारली, आणि झबलं माझ्या मांडीवर ठेवलं.

आधी डोक्याचा भाग वरच्या पट्टीला लावला, जुन्या सुईच्या भोकांवर. कुंकू लावायची गरज नव्हती, ठिपका होता. खळग्याचा भाग त्यावर ठेवला आणि शिवू लागले.

"बराबर धर," माय म्हणाली. तिचा हात झबल्याच्या कडेवर होता. "खालचं कापड सुईत येऊ देऊ नको, न्हाई तर दोन पदर शिवून बसशील. तुला घाई लई." हे ती मला मी दहा वर्षांची असल्यापासून सांगत आली होती.

"हो, माय."

गाठ मारून मी दोरा तोडला.

"आता लावून बघ," माय म्हणाली.

अक्कानं झबलं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि वरून एकेक बटण लावत आली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याशी ती थांबली, आणि झबलं तसंच माझ्याकडे सरकवलं. ते मी लावलं.